१९०५ च्या बडोदा कॉलेजात पोरं खरंच वर्गात बंड करत होती का?

रंगपीठ_बडोदे :

नमस्कार मंडळी. पाडव्याच्या कार्यक्रमासाठी आम्ही काही जण मिळून एकांकिका बसवतोय. काळ १९०५, जागा बडोदा कॉलेज, म्हणजे आजची आपली आर्ट्स फॅकल्टी. पहिल्या प्रवेशात प्रोफेसर अरविंद घोष वर्गात वंगभंगावर जळजळीत भाषण करतात, पोरं बाकांवर चढून 'वंदे मातरम्'चा गजर करतात आणि मग सगळे मिळून घुमटाखाली विलायती कपड्यांची होळी पेटवतात. लेखक म्हणतो, त्या काळात वातावरण एवढं तापलेलं असणारच.

मला ते पटत नाहीये, पण खोडून काढायला हातात काही नाही. प्रेक्षकांत जुनी बडोदेकर मंडळी असणार. त्यांच्यासमोर काहीबाही दाखवायचं नाही, एवढं नक्की.

म्हणून विचारतो. तेव्हा कॉलेजातली पोरं कशी राहायची, कोणत्या भाषेत बोलायची, कशाला भ्यायची? राजकारणावर त्यांची मतं कुठे तयार व्हायची? वर्गात असं काही घडू शकलं असतं का? आणि आमच्यात एक मुलगी फार चांगलं काम करते. तिला विद्यार्थिनी म्हणून त्या वर्गात बसवता येईल का? घरात जुनी कागदपत्रं, आठवणी, काहीही असेल तर सांगा.

दांडियाबाजार :

तुमची शंका रास्त आहे. तो प्रवेश तसाच ठेवू नका. मी त्याच इमारतीत शिकले आणि पुढे बरीच वर्षं तिथेच इंग्रजी शिकवलं, म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, बडोदा कॉलेज १८८१ मध्ये निघालं. ते मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं आणि १९४९ मध्ये आपलं सयाजीराव विद्यापीठ होईपर्यंत तसंच राहिलं. इमारत सयाजीरावांची, आराखडा चिझम या इंग्रज वास्तुकाराचा, वर विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा घुमट. पण त्या घुमटाखाली काय शिकवायचं आणि परीक्षेत काय विचारायचं, हे सगळं मुंबईत ठरायचं. प्रीव्हियस, इंटर, बी.ए. या तीन पायऱ्या. एकेका पायरीवर पोरं वर्ष वर्ष अडकून पडायची. भाषेचं म्हणाल तर घरात मराठी, बाजारात गुजराती आणि वर्गात फक्त इंग्रजी. विद्यापीठाने देशी भाषा वरच्या परीक्षांतून १८६० च्या दशकातच काढून टाकल्या होत्या. न्या. रानड्यांनी अखेरपर्यंत झगडून त्या परत आणल्या, त्याही एम.ए.पुरत्या. म्हणजे तुमच्या नाटकातला मराठी मुलगा वर्गात मराठीत एक वाक्यही लिहीत नव्हता.

आता वर्ग कसा चालायचा ते सांगते. माझे आजोबा त्या दशकाच्या शेवटी या कॉलेजात होते. त्यांची एक वही माझ्याकडे आहे. जाड पुठ्ठा, कापडी पाठ, आत टाकाने लिहिलेलं. डावीकडून उजवीकडे सरळ, एकसारखं, गोलसर इंग्रजी. खाडाखोड जवळजवळ नाही, कारण ते प्रोफेसरांनी सांगितलेलं जसंच्या तसं उतरवलेलं आहे. समासात मात्र बारीक मोडी अक्षरात मराठी अर्थ. एखाद्या इंग्रजी शब्दाखाली रेघ आणि तिच्यासमोर मोडीत दोन शब्द, कुठे नुसतं 'पाठ' असं लिहिलेलं. पानंच्या पानं अशी आहेत. आजोबांचं स्वतःचं मत शोधायला मी ती वही कितीदा चाळली असेल! इंग्रजी मजकुरात ते नाही. समासातल्या मोडीतही नाही. शेवटच्या पानावर मात्र, वही उलटी धरून लिहिलेला एक हिशेब आहे : केसरीची वर्गणी, चौघांत वाटलेली.

त्या काळाचं माझ्या लेखी सगळ्यात खरं चित्र हेच आहे. मत वर्गात तयार होत नव्हतं. वर्ग परीक्षेसाठी होता. मत तयार व्हायचं ते रावपुऱ्यात, दांडिया बाजारात, वाड्यांच्या ओट्यांवर, आखाड्यात, चार जणांत मिळून घेतलेल्या वर्तमानपत्रावर.

अरविंदबाबूंचीही याबद्दल तक्रार होती, हे तुमच्या लेखकाला मुद्दाम सांगा. ते १८९३ मध्ये बडोद्यात आले, सुरुवातीला सरकारी खात्यांत काम केलं, मग कॉलेजात आधी फ्रेंच आणि पुढे इंग्रजी शिकवू लागले. त्यांनी पुढे स्वतःच सांगितलेली हकीकत आहे. सदी या इंग्रज लेखकाच्या 'नेल्सन'च्या चरित्रावर ते व्याख्यान देत होते. पोरं म्हणाली, सर, तुम्ही सांगता ते छापील टिपांशी जुळत नाही. ते म्हणाले, मी त्या टिपा वाचलेल्याच नाहीत. पोरं आपण बोललेला शब्द न् शब्द उतरवून घेतात आणि घोकतात, याचं त्यांना फार नवल वाटे. इंग्लंडात असं कधी घडलं नसतं, असं ते म्हणत. आमच्या वेळेपर्यंत ही टिपांची भक्ती काही सुटली नव्हती. मी शिकवत असताना 'मॅडम, हे पेपरात येणार का' हा प्रश्न ऐकला नाही असा आठवडा गेला नसेल.

२२ जुलै १८९९ ला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये अरविंदबाबूंनी भाषण केलं. ते कॉलेजच्या नियतकालिकात छापून आलं. त्यात वंगभंग नाही, स्वराज्य नाही. विषय ऑक्सफर्ड-केंब्रिजचा. तिथे विद्यार्थी घडतो तो व्याख्यानांपेक्षा एकत्र राहण्यातून, युनियनमधल्या वादांतून, मैत्रीतून. आणि आपल्याकडे कॉलेजला तसं जीवनच नाही, असा त्यांचा रोख. मला हे भाषण कुठल्याही जळजळीत भाषणापेक्षा जास्त धारदार वाटतं. सव्वीस वर्षांचा प्रोफेसर समोरच्या पोरांना सांगतोय की पदवी हे शिक्षण नव्हे.

आणि बाहेर तेव्हा काय चाललं होतं? त्याच वर्षी पाऊस दडी मारून बसला आणि छप्पन्याचा दुष्काळ पडला. १८९१ मध्ये बडोदे राज्याची वस्ती २४ लाखांवर होती, १९०१ च्या शिरगणतीत ती साडेएकोणीस लाखांवर आली. दुष्काळ आणि त्यामागून आलेले रोग, यांत माणसं नाहीशी झाली. १९०५ मध्ये बी.ए.च्या वर्गात बसलेल्या मुलाने हे शाळकरी वयात पाहिलेलं आहे. तुमच्या पात्राला हे बालपण द्या. त्याचा राग कुठून आला हे मग भाषणाशिवाय कळेल.

आता तुमचा मुख्य प्रश्न. वर्गात असं भाषण होऊ शकलं असतं का? मला वाटतं, नाही. अरविंदबाबू संस्थानचे नोकर होते. बडोद्यात आल्या आल्या त्यांनी मुंबईच्या 'इंदुप्रकाश'मध्ये काँग्रेसवर कडक लेखमाला लिहिली, तीसुद्धा नाव न घालता. केंब्रिजपासूनचे त्यांचे मित्र केशवराव देशपांडे तेव्हा त्या पत्राची इंग्रजी बाजू पाहत होते. तरी रानड्यांनी मालकांना सावध केलं आणि लेखांची धार कमी करावी लागली. १९०५ मध्ये तर ते व्हाइस प्रिन्सिपॉल होते, काही काळ प्रिन्सिपॉलचं कामही पाहत होते. संस्थानावर नजर ठेवणाऱ्या इंग्रज रेसिडेंट साहेबाचे कान चोवीस तास उघडे. सयाजीराव मनाने या मंडळींच्या बाजूचे असले तरी त्यांनाही गादी सांभाळायची होती. अशा माणसाने वर्गात उभं राहून आरोळी ठोकली असती तर दुसऱ्या दिवशी कॉलेजच अडचणीत आलं असतं. त्यांचं राजकारण घरी चालायचं, बंद दाराआड, पत्रांतून. पोरांना सुगावा असेलही. पण वर्गात वर्डस्वर्थ आणि बर्क.

होळी पुण्यात झाली. १९०५ मध्ये सावरकरांनी विलायती कपड्यांची होळी केली आणि फर्ग्युसन कॉलेजने त्यांना दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढलं. ती घटना उचलून बडोद्यात आणू नका. पुण्याच्या पोरांचं श्रेय पुण्याकडे राहू द्या.

राहणीबद्दल थोडक्यात : धोतर, लांब कोट, डोक्यावर पगडी किंवा टोपी. उघड्या डोक्याने कुणी कॉलेजात जात नसे. अरविंदबाबू कॉलेजात पांढऱ्या ड्रिलचे साधे कपडे घालत. त्यांचे विद्यार्थी पाटकर यांनी लिहून ठेवलंय की ते नारळाच्या काथ्याच्या अंथरुणावर गवताची चटई टाकून झोपत, आणि पगार आला की तो सगळा एका तबकात ओतून ठेवत, कुलूप नाही, हिशेब नाही. असं का, म्हणून विचारलं तर म्हणाले, आपण प्रामाणिक माणसांत राहतो याचाच हा पुरावा. मला हे तबक रंगमंचावर पाहायला आवडेल.

मुलीबद्दल उद्या लिहिते, डोळे दुखायला लागले.

विश्वामित्री_पलीकडचा :

ताईंचा मान राखून सांगतो, चित्र जरा जास्तच थंड झालंय. वर्गात भाषण झालं नसेल, मान्य. पण पोरं थंड नव्हती.

सुरतेची काँग्रेस डिसेंबर १९०७ मध्ये मोडली आणि तिथून अरविंदबाबू बडोद्यात आले. तेव्हा त्यांनी इथली नोकरी सोडलेली, कलकत्त्याच्या नव्या नॅशनल कॉलेजचे ते प्रिन्सिपॉल होऊन आलेले, देशभर नाव झालेलं. पोरांनी त्यांच्याकडे जाऊ नये, अशी कॉलेजातून ताकीद होती. आणि झालं काय? गाडी कॉलेजवरून निघाली तशी पोरं वर्ग सोडून बाहेर धावली, घोडे सोडले आणि गाडी स्वतः ओढत नेली. माझ्या आजोळी ही गोष्ट दर दिवाळीला निघायची. हे बंड नाही तर काय?

त्याच मुक्कामात सरदार मजुमदारांच्या वाड्यात, वरच्या खोलीत, विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर ते तीन दिवस बसले. बाहेर पोरं वाट बघत उभी. एकांकिकेला याहून चांगला प्रसंग कुठे मिळणार? मी तर म्हणेन, १९०५ सोडा आणि जानेवारी १९०८ घ्या. गाडी ओढण्याचा प्रसंग करा, लोक टाळ्या वाजवतील आणि तो खोटाही नसेल.

आणि गंगनाथ विद्यालय विसरू नका. केशवराव देशपांड्यांनी काढलेली राष्ट्रीय शाळा. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर तिथे शिकवायला आले. शाळेत घरासारखं वाटावं म्हणून शिक्षकांना नात्याने हाक मारायची पद्धत होती. कालेलकर तिथे 'काका' झाले, फडके 'मामा' झाले आणि ती नावं त्यांना जन्मभर चिकटली. १९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीरावांनी बादशहाला नीट मुजरा केला नाही म्हणून गहजब झाला, संस्थानावर दाब आला, आणि ती शाळा बंद पडली. सरकारला पोरांची भीती वाटत नसती तर एवढीशी शाळा कशाला बंद पाडली असती? आखाड्यांचंही तसंच. माणिकरावांच्या आखाड्यात पोरं नुसते जोर काढायला जात नव्हती.

कामाठीबाग :

वरची दोन्ही उत्तरं आवडली, पण एक गोष्ट राहतेय आणि ती राहून चालणार नाही. 'विद्यार्थ्यांचं मत' म्हणताना आपण कुणाचं मत धरतोय? दांडिया बाजार, रावपुरा, वाड्यांचे ओटे. म्हणजे ब्राह्मण, सरदार आणि थोडे नागर, म्हणजे गुजराती ब्राह्मण. त्या ओट्यावर ज्याला चढूच देत नव्हते त्याचं काय?

बडोदे राज्याने अंत्यजांच्या शाळा १८८० च्या दशकातच काढल्या. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात आणलं. ब्रिटिश मुलखात तेव्हा हे कुठेच नव्हतं. कागदावर इतकं पुढारलेलं संस्थान. पण शिकलेल्या लोकांची मनं?

भीमराव आंबेडकरांना बी.ए.साठी सयाजीरावांनी महिना पंचवीस रुपये दिले. १९१३ मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, महिना साडेअकरा पौंडांवर, तीन वर्षांसाठी, परत येऊन दहा वर्षं नोकरी करायच्या करारावर. १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्यात आले. शहरात राहायला जागा मिळेना. पारशांच्या धर्मशाळेत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं दारात आली. दोन मित्रांकडे विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती, दोघांनी टाळलं. मग गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. कचेरीतले शिपाईसुद्धा विटाळ नको म्हणून फायली लांबून टाकत होते.

आता ज्यांना बडोदे माहीत आहे त्यांनी अंतर आठवा. कामाठी बाग आणि कॉलेजचा घुमट. चालत पाच-दहा मिनिटं. कोलंबियात शिकून आलेला माणूस झाडाखाली बसलाय आणि जवळच पोरं बर्कचे स्वातंत्र्याचे उतारे पाठ करताहेत. त्या कचेरीत लांबून फायली टाकणाऱ्यांचे साहेब कोण होते? याच कॉलेजांतून निघालेले पदवीधर. गाडी ओढणाऱ्या पिढीतले काही तेव्हा नोकरीत स्थिरावलेले असणार. मला त्यांची गाडी ओढणं खोटं वाटत नाही. पण ज्या हातांनी गाडी ओढली ते हात १९१७ मध्ये कुठे होते, हा प्रश्न नाटकाने विचारावा असं मला मनापासून वाटतं.

त्याच १९१७ मध्ये भगवंतराव पाळेकरांनी बडोद्यातून 'जागृति' सुरू केलं. बहुजन समाजाचं मत वाचायचं तर तिथे वाचायचं. केसरीची वर्गणी चौघांत वाटणारे होते तसे 'जागृति' वाचून घेणारेही होते. तेही विद्यार्थीच, त्यांच्यासाठी कॉलेज नव्हतं इतकंच.

रंगपीठ_बडोदे :

बाप रे, इतकं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री हे सगळं तालमीत वाचून दाखवलं. लेखक आधी गप्प बसला आणि मग म्हणाला, पहिला प्रवेश नव्याने लिहितो. होळी काढली.

पण तो विचारतोय, भाषण नाही, होळी नाही, तर प्रोफेसर आणि विद्यार्थी समोरासमोर येतात तेव्हा होतं काय? नुसती टिपांची वही दाखवून प्रेक्षक बसून राहणार नाहीत. ताई, मुलीबद्दलही लिहा ना. आणि कामाठीबाग यांचा मुद्दा घ्यायचा तर १९०५ ते १९१७ असा मोठा पल्ला होतो, तो चाळीस मिनिटांत कसा बसवायचा?

दांडियाबाजार :

आधी विश्वामित्री_पलीकडचा यांच्याबद्दल. गाडी ओढल्याची गोष्ट खरी आहे, आणि ती माझ्याच म्हणण्याला जोर देते. पोरं वर्ग *सोडून* धावली. अरविंदबाबू तेव्हा त्यांचे प्रोफेसर उरलेच नव्हते. जे वर्गात होऊ शकत नव्हतं ते रस्त्यावर झालं. तो प्रसंग जरूर घ्या. कामाठीबाग यांच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. आजोबा १९१७ मध्ये सरकारी नोकरीत होते. त्यांनी त्या दिवसांबद्दल घरात कधी अवाक्षर काढलं नाही. आंबेडकर बडोद्यात येऊन गेले हे मला शाळेतसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं, मी मोठी झाल्यावर वाचलं. हे मला आजही सलतं.

लेखकाला हवा तो समोरासमोरचा प्रसंग कन्हैयालाल मुनशींच्या आठवणींत आहे. मुनशी त्याच वर्षांत इथे शिकत होते. त्यांनी अरविंदबाबूंना विचारलं, देशभक्ती अंगी कशी आणायची? अरविंदबाबूंनी भिंतीवरच्या हिंदुस्थानच्या नकाशाकडे बोट केलं. हा नकाशा नाही, भारतमातेचं चित्र आहे, नद्या-डोंगर हे तिचं शरीर, तिची उपासना कर, असा त्यांच्या उत्तराचा आशय. एक मुलगा, एक माणूस, एक नकाशा. आवाज चढवायची गरजच नाही. भिंतीवरचा नकाशा परीक्षेसाठी टांगलेला, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातला. त्यालाच हात लावून हा माणूस दुसरंच काही शिकवून गेला. तुमच्या लेखकाने शंभर वाक्यं लिहिली तरी यापुढे जाणार नाहीत.

हलकंफुलकं काही हवं असेल तर १९०२ मध्ये भगिनी निवेदिता बडोद्यात आल्या तो प्रसंग घ्या. अरविंदबाबू त्यांना आणायला स्टेशनवर गेले, बरोबर त्यांचे मित्र खासेराव जाधव. कॉलेजची इमारत दिसताच निवेदिताबाई तिच्या कुरूपपणावर आणि त्या बोजड घुमटावर कडाडल्या आणि जवळच्या एका धर्मशाळेचं कौतुक करू लागल्या. खासेराव बघतच राहिले. बाईंच्या डोक्यात थोडा बिघाड असावा, असं त्यांचं मत झालं! मला तो घुमट जीव की प्राण आहे, पण बाईंचं म्हणणं मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगायची, कारण इतक्या स्पष्टपणे मत देणारं माणूस त्या काळच्या कॉलेजात दुर्मीळ होतं.

आता मुलगी. १९०५ च्या वर्गात तिला बसवू नका. पण पल्ला १९१८ पर्यंत नेलात तर तिला सोन्यासारखी भूमिका आहे. हंसा मेहता १९१८ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन याच कॉलेजातून बी.ए. झाल्या. वडील मनुभाई मेहता आधी इथेच प्रोफेसर, मग राज्याचे दिवाण. आणि १९४९ मध्ये विद्यापीठ झालं तेव्हा पहिल्या कुलगुरू हंसाबेनच. ज्या इमारतीत त्या मोजक्या मुलींपैकी एक म्हणून शिरल्या, ती इमारत बी.ए. झाल्यावर एकतीस वर्षांनी त्यांच्या हाती आली.

आणि बघा, त्याच सुमाराला तिथे आणखी कोण होतं. माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजे आपले माधव जूलियन, बडोद्यातच जन्मलेले, १९१६ मध्ये बी.ए. झाले. फार्सीच्या वेडाने झपाटलेले, पुढे मराठीत गझल रुजवली. आणि विनायक नरहर भावे, म्हणजे पुढचे विनोबा. वडिलांच्या आग्रहाने फ्रेंच घेतलेलं, दिवसभर ग्रंथालयात, मित्रांचं विद्यार्थी मंडळ काढलेलं. या मुलाने आईच्या चुलीत एकामागून एक प्रमाणपत्रं घातली. मार्च १९१६ मध्ये इंटरची परीक्षा द्यायला मुंबईच्या गाडीत बसला, आणि दोन मित्रांबरोबर सुरतेला उतरून काशीला निघून गेला. वडिलांना पत्राने कळवलं.

वर्गात बंड झालं का, हा तुमचा मूळ प्रश्न. मी म्हणेन, बंड झालं ते परीक्षेविरुद्ध, आणि ते त्या सुरतेच्या फलाटावर झालं. मुंबईने ठरवलेली परीक्षा म्हणजे त्या पोरांच्या आयुष्याचा कासरा होता. घोषणा देऊन संध्याकाळी टिपा घोकायला परत बसता येत होतं, आणि पुष्कळ जण बसलेही. भाव्यांच्या पोराला परत येता येणार नव्हतं.

चाळीस मिनिटांत बसवायचं तर वर्ग एकच ठेवा आणि साल बदला. तेच बाक, तोच नकाशा. १९०५, १९०८, १९१६, १९१७. पोरं बदलतात, प्रोफेसर बदलतात, टिपा त्याच. १९१७ च्या प्रवेशात वर्ग चालू असताना बागेतला माणूस रंगमंचाच्या दुसऱ्या अंगाला बसलेला दिसू द्या. त्याच्या तोंडी एकही शब्द घालू नका, त्यांचे शब्द त्यांनी स्वतः लिहून ठेवलेत. हंसाबेनचं काम करणारी मुलगी १९१६ च्या प्रवेशापासून वर्गात असू द्या, पहिल्या बाकावर, बाकीच्यांपासून जरा अंतर ठेवून. तिला गुजराती बोलू द्या, ते बडोद्याला धरून होईल.

वही बघायची असेल तर गुरुवारी पाचनंतर घरी या. दोघंच या, सगळी मंडळी नको, कागद फार ठिसूळ झालाय. फोटो काढा, फक्त पानं मीच उलटणार. आणि रंगमंचावर दिसेल अशी मोडी लिहायची असेल तर आत्ताच कुणाला तरी शिकायला बसवा, पाडव्याला फार दिवस राहिले नाहीत. समासातले दहा-बारा शब्द मी तुम्हाला लावून देईन.